चोक लावला की चालतो, काढला की बंद पडतो: जनरेटरचं दर तीन महिन्यांनी परत येणारं दुखणं

वीज गेली. जनरेटर बाहेर काढला, चोक लावला, दोरी ओढली, चौथ्या-पाचव्या झटक्याला सुरू झाला. इंजिन जरा तापल्यावर चोक काढायला गेलो, तर फटफट करून बंद. पुन्हा चोक, पुन्हा सुरू. अर्ध्या चोकवर ठेवला तर चालतो, पण रेस एकसारखी राहत नाही. वर जाते, खाली येते, परत वर जाते. मेकॅनिक येतो, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोलून साफ करतो, यंत्र नव्यासारखं चालायला लागतं. मग तीन-चार महिन्यांनी वीज जाते तेव्हा नेमकं तेच.

आमच्याकडे हे लागोपाठ तीनदा झालं. तिसऱ्या वेळी वडिलांना रात्री ऑक्सिजनचं यंत्र लागत होतं आणि मी विजेरीच्या उजेडात दोरी ओढत होतो. राखीव सिलिंडर भरलेला होता म्हणून ती रात्र निभावली. त्यानंतर मी हे इंजिन स्वतः खोलायला शिकलो. तेव्हा कळलं की साफसफाईत काही त्रुटी राहत होत्या, पण दुखणं परत येण्याचं खरं कारण ते नव्हतं. चूक होत होती ती काम संपल्यावर जनरेटर बंद करून ठेवताना.

पुढे लिहिलेलं सगळं पेट्रोलवर चालणाऱ्या, दोरीने सुरू होणाऱ्या, कार्बोरेटर असलेल्या घरगुती जनरेटरबद्दल आहे. डिझेलच्या यंत्राचं गणित वेगळं असतं.

दोरी ओढण्याआधी

तपासणी करताना इंजिन पुन्हापुन्हा चालू करावं लागतं, म्हणून धुराचं आधीच सांगतो. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे डोकं दुखतंय, मळमळतंय हे समजेपर्यंत माणसाच्या अंगातलं उठून बाहेर जायचं त्राणही गेलेलं असू शकतं. जनरेटर घरात, गॅरेजमध्ये, जिन्याखाली, बंद बाल्कनीत चालवायचा नाही. दार उघडं ठेवलं, पंखा लावला, तरीही नाही. उघड्यावर, घरापासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड दारंखिडक्यांच्या उलट दिशेला. पावसाची भीती असेल तर चारही बाजूंनी मोकळं छप्पर करा, पण पावसापायी यंत्र आत घेऊ नका. झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि त्याची बॅटरी चालू आहे ना ते बघत जा.

काही खोलायच्या आधी यंत्र काय सांगतंय ते ऐका

बहुतेक जण थेट पाना हातात घेतात. दहा मिनिटं नुसतं निरीक्षण केलं तर निम्मं काम तिथेच होतं.

बंद पडण्याची तऱ्हा बघा. चोक लावल्यावर चालतो याचा अर्थ इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. चोक हवा अडवतो, म्हणून मिश्रण तेवढ्यापुरतं जुळतं. म्हणजे प्लगला ठिणगी आहे, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तोही कामापुरता आहे, आणि शोध पेट्रोलच्या वाटेवरच घ्यायचा आहे. या एका खुणेने अर्धी यादी बाद होते.

आता लोड द्या, म्हणजे जनरेटरवर एखादं उपकरण चालवा. नुकसान झालं तरी चालेल असं काहीतरी लावा, साधा तापणारा हीटर किंवा जुना पिवळा दिवा. फ्रिज, टीव्ही, संगणक अजिबात नको, कारण रेस खालीवर होते तेव्हा व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही खालीवर होतात. नेहमीच्या दोन पोलच्या जनरेटरमध्ये ५० हर्ट्झसाठी इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरावं लागतं, ६० हर्ट्झसाठी ३६००. रेस हलली की वीजही हलते आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर ते सहन करत नाही.

लोड नसताना रेस खालीवर होते आणि लोड दिल्यावर आवाज स्थिर होतो, असं असेल तर दोष जवळपास नक्की पायलट जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या सगळ्यात बारीक छिद्रात आहे. रिकाम्या चालीत थ्रॉटल (इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) जेमतेम उघडा असतो आणि पेट्रोल मुख्यतः त्या बारीक वाटेने येतं. लोड आला की थ्रॉटल उघडतो आणि मेन जेट, म्हणजे पेट्रोलचं मोठं छिद्र, काम हातात घेतो. उलट, रिकामा छान चालतो पण लोड दिल्यावर दम तोडतो, तर मेन जेट किंवा टाकीपासून येणारा पुरवठा बघा. इन्व्हर्टर प्रकारच्या जनरेटरमध्ये लोड कमी असताना रेस उतरवणारं इकॉनॉमीचं बटण असतं. ते चालू असताना हेलकावे आणि बंद केल्यावर ठीक, हेही पायलट जेटचंच लक्षण.

तिसरी तऱ्हा वेगळी आहे. सुरू होतो, पंधरा-वीस मिनिटं उत्तम चालतो, मग हळूहळू गळपटून बंद पडतो. थोडा वेळ गेला की पुन्हा सुरू. इथे कार्बोरेटरला हात लावू नका. टाकीच्या झाकणात हवा आत जायला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली गेल्यावर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. पुढच्या वेळी बंद पडल्याबरोबर झाकणाजवळ कान नेऊन ते जरा सैल करा. हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि इंजिन लगेच सुरू झालं, तर दुखणं झाकणात. गरम सायलेन्सरजवळ झाकण पूर्ण उघडायचं नाही, नुसतं सैल. काही झाकणांवर हवेची कळ असते, ती चुकून बंद राहिलेली असते. तेही बघून घ्या.

झाकण ठीक असूनही तापल्यावर बंद पडत असेल, तर बंद पडल्या क्षणी प्लगची ठिणगी तपासावी लागते. प्लगला ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइल थंड असताना काम करते आणि तापली की सोडून देते, असं होतं. त्यासाठी प्लग आणि त्याच्या टोपीच्या मधे जोडायचा ठिणगी-तपासणीचा दिवा मिळतो. प्लग काढून उघड्यावर ठिणगी पाडण्यापेक्षा तो वापरा, आसपास पेट्रोलची वाफ असते.

आणि अजिबात ठिणगीच नसेल तर ऑईल बघा. अनेक जनरेटरमध्ये ऑईल कमी झालं की ठिणगी तोडणारा सेन्सर असतो. जमीन उतरती असली तरीही तो फसतो. यंत्र सपाट जागेवर ठेवून ऑईलची काडी बघितल्याशिवाय पुढचं काहीही करू नये. ऑईल कमी असताना सेन्सरची वायर काढून इंजिन चालवणारे लोक मी पाहिले आहेत. ते इंजिन फार दिवस टिकत नाही.

बाटलीची तपासणी

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली तपासणी हीच. कार्बोरेटरच्या खाली पेट्रोल साठवणारी छोटी वाटी असते आणि तिच्या तळाशी किंवा बाजूला निचऱ्याचा स्क्रू. इंजिन थंड असताना, आजूबाजूला विस्तव किंवा ठिणगी नाही याची खात्री करून, खाली स्वच्छ काचेची बाटली धरा आणि स्क्रू सैल करा. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक (तोटी) उघडा असू द्या.

सुरुवातीला वाटीतलं पेट्रोल येईल, मग टाकीतलं. धार अखंड लागली पाहिजे. दोन-चार सेकंदांनी थेंब-थेंब व्हायला लागलं तर कॉक, त्यातली जाळी, नळीतला फिल्टर किंवा झाकणाचं छिद्र यांपैकी काहीतरी बुजलं आहे. कार्बोरेटर कितीही घासला तरी फरक पडणार नाही.

धार ठीक असेल तर बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले तर ते पाणी आहे. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. तो प्रमाणाबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात. ते हलवून पुन्हा एकजीव होत नाही, आणि वरचं पेट्रोलही मग पूर्वीचं राहत नाही. रंग गडद आणि वास व्हार्निशसारखा कुबट येत असेल तर पेट्रोल जुनं होऊन गेलं आहे. असं पेट्रोल टाकीत ठेवून कार्बोरेटर साफ करायला घेऊ नका. आमच्याकडे पहिल्या दोन वेळी हेच झालं होतं. कार्बोरेटर लखलखीत, टाकीत मात्र तेच जुनं पेट्रोल, वरून एक लिटर ताजं घातलेलं. खराब पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका. बंद डब्यात भरून वापरलेलं ऑईल घेणाऱ्यांकडे किंवा घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

कार्बोरेटर खोलताना

कॉक बंद. प्लगची टोपी काढून बाजूला. एअर फिल्टर काढा आणि याच वेळी बघूनही घ्या. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, ऑईलचे थोडे थेंब चोळून पिळून बसवायचा. कागदाचा असेल आणि काळा झाला असेल तर बदलायचा.

कार्बोरेटर ओढण्याआधी गव्हर्नरची (रेस एकसारखी ठेवणाऱ्या भागाची) काडी आणि तिच्यावरची बारीक स्प्रिंग कोणत्या छिद्रात अडकवली आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढा. एक छिद्र चुकलं तरी रेस बदलते आणि मग नवंच दुखणं मागे लागतं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यात एक काळा जाड तुकडा आणि दोन पातळ गॅस्केट (सांधा हवाबंद करणाऱ्या चकत्या) असतात. कुठलं कुठे, कोणत्या तोंडाने, तेही फोटोत येऊ द्या. गॅस्केट फाटलं किंवा उलटं बसलं की तिथून जादा हवा शिरते आणि लक्षण हुबेहूब बुजलेल्या जेटसारखंच दिसतं. जेट साफ करूनही हेलकावे तसेच असतील तर मी आधी तिथे बघतो.

वाटीचा बोल्ट काढला की फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तुकडा, दिसेल. त्याची पिन सरकवली की फ्लोट आणि वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल हातात येतात. नीडलच्या टोकावर झिजल्याची रेघ असेल तर ती बदला, नाहीतर पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन एअर फिल्टरमधून टपकेल. वाटीच्या तळाशी हिरवट किंवा पांढरी भुकटी आढळली तर समजा, पाणी बरेच दिवस तिथे बसून होतं.

मधल्या खांबात मेन जेट असतो. तो पितळेचा, म्हणजे मऊ. खाचेत बरोबर बसणाराच स्क्रू ड्रायव्हर घ्या. अरुंद टोकाने जोर लावला की खाच फाटते आणि जेट तिथेच राहतो. जेटच्या मागून अंगाला छिद्रं असलेली एक नळी येईल, तीही बाहेर काढा. बरेच जण इथपर्यंत येऊन थांबतात, फवारा मारतात आणि जोडून टाकतात.

खरा अडकलेला असतो पायलट जेट. बऱ्याच लहान इंजिनांत तो कार्बोरेटरच्या वरच्या बाजूला, रेसच्या स्क्रूखाली दबलेला असतो. स्क्रू काढून तो हलकेच उपसून वर घ्यावा लागतो. प्लास्टिकचं अंग आणि खाली पितळेचं टोक, त्यात केसासारखं छिद्र. उजेडासमोर धरा. छिद्रातून गोल, स्वच्छ प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. अर्धवट ठिपका म्हणजे अर्धवट बुजलेला, आणि तेवढ्यानेही हे सगळं रामायण घडतं. तीनपैकी दोन वेळा माझ्या जनरेटरचा हा जेट खोललाच गेला नव्हता.

आत घालायला विजेच्या वायरीतली तांब्याची एकच बारीक तार घ्या. टाचणी, सुई, गिटारची तार नको. पोलादाने छिद्र रुंद होतं आणि मग मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा प्रत्येक वाटेत मारा आणि तो दुसऱ्या टोकाने बाहेर येतोय का बघा. डोळ्यांवर चष्मा हवाच; तो फवारा हमखास उलटून तोंडावर येतो. रबरी रिंगा आधी काढून ठेवा, क्लीनरने त्या फुगतात. शेवटी हवा मारा.

कार्बोरेटरचं अंग आतून पांढरं पडून खरबरीत झालं असेल, तर घासण्यात वेळ घालवू नका. ते पुन्हा भुकटी सोडतच राहणार. अशा वेळी अख्खा नवा कार्बोरेटर टाकणं शहाणपणाचं, तोही आपल्या इंजिनाच्या मॉडेलचाच.

जोडल्यावर ताजं पेट्रोल घाला, गळती नाही ना ते बघा, आणि मग दोरी ओढा. दोन-तीन मिनिटांत चोक पूर्ण काढता आला आणि रेस सरळ रेघेसारखी राहिली, तर काम झालं. तरीही हट्ट धरला तर प्लगचं अंतर बघा, लहान इंजिनांना बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागतं. त्यानंतर व्हॉल्व्हचं अंतर, पण ते माहीतगाराकडून करून घ्या. गव्हर्नरचा स्क्रू फिरवून हेलकावे घालवायचा मोह होतो. तो स्क्रू या आजाराचं औषध नाही आणि त्याने फ्रिक्वेन्सी बिघडते.

मग ते परत का येतं

वाटीत राहणारं पेट्रोल जेमतेम दोन-तीन घोट असतं. टाकीतल्या आठ-दहा लिटरपेक्षा ते कितीतरी लवकर उडतं, कारण वाटीला हवा लागते. हलका भाग उडून जातो, चिकट भाग मागे राहतो, आणि तो सगळ्यात बारीक छिद्रात वाळतो. यंत्र न चालवता ठेवलेले दोन-तीन महिने त्याला पुरतात. कळ दाबून इंजिन बंद केलं की वाटी भरलेलीच राहते. आम्ही दर वेळी असंच बंद करत होतो.

आता लोड काढतो, दोन-तीन मिनिटं रिकामा चालू देतो म्हणजे इंजिन आणि कॉइल थंड होतात, आणि मग कळ न दाबता पेट्रोलचा कॉक बंद करतो. इंजिन वाटीतलं पेट्रोल पिऊन आपोआप थांबतं. शेवटी जरा मिसिंग मारेल, घाबरू नका. त्यानंतर कळ बंद. थंड झाल्यावर निचऱ्याचा स्क्रू सैल करून उरलेला चमचाभर काढून टाकतो, कारण इंजिन थांबलं तरी वाटीच्या तळाशी थोडं राहतंच. सुरुवातीला कंटाळा येतो, पण हा शेवटचा चमचाच जेट बुजवतो.

टाकीचं म्हणाल तर महिन्याभरात वापरायचं असेल तर काही करू नका. त्याहून जास्त असेल तर पेट्रोल ताजं असतानाच त्यात फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारं रसायन) घाला आणि दहा मिनिटं इंजिन चालवा म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. बिघडलेलं पेट्रोल स्टॅबिलायझरने सुधारत नाही. दोन-तीन महिन्यांपुढे मी टाकी रिकामी करतो. लांबच्या मुक्कामाआधी प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडतो, दोरी हळू दोनदा ओढून पसरवतो, प्लग लावतो आणि पुन्हा दोरी ओढून जिथे जड लागेल तिथेच थांबतो. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओलावा आत शिरत नाही.

महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं, लोड देऊनच, जनरेटर चालवतो. लोड महत्त्वाचा. बराच काळ पडून राहिलेल्या जनरेटरमधली चुंबकीय शक्ती ओसरते आणि मग इंजिन घुमतं पण वीज येत नाही. तसं झालं तर आधी ब्रेकर पडलाय का बघा, मग लोड काढून पुन्हा चालवा. तरी सॉकेट मेलेलंच असेल तर कार्बन ब्रश, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) किंवा चुंबकत्व गेल्याचं प्रकरण असतं. बॅटरी जोडून ते जागं करण्याचे व्हिडिओ बघून हात घालू नका, तिथे माहीतगार लागतो.

ऑईल बदलायचं ते नवीन इंजिनात पहिल्या २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा. तुमच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका. इंजिन चालू किंवा गरम असताना पेट्रोल भरायचं नाही, पंधरा मिनिटं थांबा.

घराला वीज देताना सगळं एकदम लावू नका. मोटार सुरू होताना चालण्याच्या कितीतरी पट वीज ओढते. १५० वॅटचा फ्रिजही सुरुवातीच्या क्षणी हजाराच्या आसपास जाऊ शकतो. सगळ्यात मोठी मोटार आधी, तिचा आवाज बसला की पुढचं. एकूण लोड क्षमतेच्या तीन चतुर्थांशापर्यंत ठेवला की इंजिन निवांत चालतं. आणि दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून जनरेटर घरातल्या सॉकेटमध्ये कधीही खुपसू नका. ती वीज उलट बाहेरच्या तारांवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जातो. घराला एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा चेंजओव्हर स्विच लावा, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच.

जनरेटरच्या दांड्याला मी एक पुठ्ठ्याचं लेबल बांधलं आहे. शेवटचं पेट्रोल कधी भरलं, ऑईल कधी बदललं, मागची चाचणी कधी झाली, वाटी रिकामी केली की नाही. घरातल्या कुणीही अंधारात यंत्र सुरू करायला घेतलं तर त्याला ते वाचता येतं. शेवटची ओळ सोडून बाकी सगळं पेनाने लिहिलं आहे. शेवटची लाल मार्करने, मोठ्या अक्षरात: बंद करताना आधी कॉक.